शेवट खोटा हाय, असं तू म्हणालीस

कांता,

तुझ्या दहाव्याला मला बोलायला उभं केलं. समोर तुझं माहेर, सासर, आपल्या शाळेची अख्खी सातवी, चौसाळ्याची निम्मी पेठ. मी माईक धरला आणि म्हणाले, कांताबाई मनमिळाऊ होत्या, कष्टाळू होत्या, विद्यार्थिप्रिय होत्या. आपल्याकडे कुणीही रिटायर झालं की हेच तीन शब्द बोलतात, आणि तू शेजारी बसून मला कोपरानं ढोसायचीस. त्या दिवशी ढोसायला कुणी नव्हतं. मी खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आवरेना म्हणून बसल्या. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं.

ते आता लिहिते.

सुरुवात त्या कार्टूनच्या पिक्चरपासूनच करायला हवी. त्याआधी नऊ वर्षं आपण एका शाळेत शिकवत होतो, एकमेकींच्या डब्यात जेवत होतो, तुझी शीतल मला मावशी म्हणत मोठी झाली, आणि तेवढ्या वर्षांत आपण आष्टीच्या सहावीचं नाव एकदाही काढलं नव्हतं. तू काढलं नाहीस म्हणून मी काढलं नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

आरतीवरून सुरू झालं सगळं. सातवीतली आरती, जिच्या वडिलांचा हायवेला चहाचा गाडा आहे. पोरी तिला 'उकळी' म्हणायला लागल्या. ती वर्गात आली की एकजण म्हणायची, "उकळी आली, उकळी आली," आणि बाकीच्या फुंकर मारायच्या. ती चार दिवस शाळेत आली नाही. तू गाड्यावर गेलीस, चहा प्यालीस, तिच्या आईशी बोललीस आणि तिला हाताला धरून घेऊन आलीस. मी त्या पोरींना अर्धा तास उपदेश केला. तेव्हा आपले नवे सर म्हणाले, "मॅडम, उपदेशानं काही होत नसतं. माझ्याकडे एक पिक्चर आहे."

शनिवारी सकाळी आपण पन्नास पोरं त्या एका टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसवली. खिडक्यांना सतरंज्या लावल्या. पिक्चर परदेशी, हिंदीत बोलणारा, सगळी माणसं चित्रातली. समुद्राकाठचं गाव. वर्गात एक नवा मुलगा येतो, त्याला एकटाच गुणगुणायची सवय. दुसरा एक मुलगा त्याच्या मागे लागतो, अख्ख्या वर्गाला मागे लावतो, आणि एक दिवस त्याचं दप्तर पुलावरून खाली टाकतो. नवा मुलगा गाव सोडून जातो. मग वर्षं जातात. छळणाऱ्याला काही गोड लागत नाही, तो त्याला हुडकत हुडकत जातो, त्याच्या वडिलांच्या होड्यांच्या कारखान्यात नाव न सांगता कामाला राहतो, उघडा पडतो, पळून जातो, परत येतो. शेवटी तो गुणगुणणारा त्याच्यापुढे हात करतो आणि संगीत सुरू होतं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्या पोरी फुंकर मारायच्या त्यातल्या दोघी हुंदके देत होत्या. मागून एकजण म्हणाला, "मी आसतो तर त्यालाच पुलावरून ढकलला आसता. माफ कावून केलं बे त्यानं?" दुसरा म्हणाला, "एवढा हुडकत आला की बे तो, मग?" सर खूश झाले. मी पदरानं डोळे पुसत होते, आणि ते पुसताना तुझ्याकडे बघायचं टाळत होते.

तेव्हा आरतीनं हात वर केला. "मॅडम, त्या पोराचं नाव काय व्हतं?"

"कोणत्या?"

"ज्याला समदे तरास देत व्हते त्याचं."

छळणाऱ्याचं नाव पन्नास पोरांना पाठ झालं होतं. दुसऱ्याचं कुणालाच सांगता येईना. सरांना नाही, मला नाही. तू उठून बाहेर गेलीस. मी तुझ्या मागे आले तर तू नळावर हात धूत होतीस, हाताला काही लागलेलं नसताना.

"पिक्चर चांगला हाय," तू म्हणालीस. "शेवट खोटा हाय."

मग महिनाभर आपलं तेच चाललं. मी म्हणायची, माणूस बदलतो हे पोरांना दाखवायला नको का? तू म्हणायचीस, "बदलू दे की. कोण न्हाई म्हणतंय? पण त्यानं बदलायचं आन् ह्यानं त्याला पास झाल्याचा शिक्का मारून द्यायचा, आसं कावून?" मी म्हणायची, माफ केल्यानं माफ करणारा पण मोकळा होतो. तू हातातली भाकरी मोडता मोडता थांबायचीस आणि म्हणायचीस, "आसं कोण म्हणतं माहितंय का, मंगल? ज्याला माफी पायजे आसती तो."

मी गप्प बसायची. तुला ठाऊक होतं मी का गप्प बसते, आणि मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे.

आता मी ते लिहून टाकते. माझ्या हातानं एकदा लिहिलं गेलं पाहिजे.

आष्टीच्या शाळेत तू सहावीत आलीस. तुझ्या वडिलांची मेंढरं होती. आईवडील आठ महिने कळपामागे रानोमाळ, म्हणून तुला मावशीकडे ठेवलेलं. थंडीत तू घोंगडं पांघरून यायचीस. मी पाटलाघरची, वर्गाची मॉनिटर, दोन वेण्यांना रोज इस्त्रीच्या रिबिनी. तू दारात दिसलीस की 'ब्यॅ' करायला पहिल्यांदा सुरुवात कुणी केली, ते आठवत नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आठवतं. मीच केली. मग प्रार्थनेच्या ओळीत डोळे मिटून सगळ्या पोरी हळू आवाजात ब्यॅ करायच्या आणि गुरुजींना कळायचंसुद्धा नाही.

शिवणकामाच्या तासाला बाई बाहेर गेल्या होत्या. मी म्हणाले, मेंढरं कातरतात तशी हिला कातरू. दोघींनी तुझे हात धरले. कात्री माझ्या हातात होती. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. एकदाच म्हणालीस, "आईनं घातलीय."

तुझी आई त्याच दिवशी पहाटे कळपामागे निघून गेली होती आणि जाताना वेणी घालून गेली होती. ते मला कितीतरी वर्षांनी, तुझ्याच तोंडून, दुसऱ्याच कुठल्या तरी गप्पांत कळलं. बाईंनी विचारल्यावर तू सांगितलंस, उवा झाल्या होत्या, मीच कापली. पुढच्या जूनला तू शाळेत आली नाहीस.

पिक्चरला महिना झाला असेल. शाळा सुटल्यावर आपण दोघी फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी म्हणाले, "कांता, सहावीत..."

"थांब," तू म्हणालीस. "तुजं मला म्हाईत हाय. आदी माजं आईक."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मी तयार होते. पण तू माझ्याबद्दल बोललीच नाहीस. तू हिराबद्दल बोललीस.

आष्टी सोडल्यावर तुला सिरसाळ्याला मामाकडे ठेवलं. नवी शाळा, नवा वर्ग. तू पहिल्याच आठवड्यात ठरवलंस, की इथं आपल्याला कुणी नाव ठेवायच्या आत आपण कुणाला तरी ठेवायचं. वर्गात हिरा होती. वडील वारलेले, आई एकटीच ऊसतोडीला जायची. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे आपल्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सातवीत हजेरी घेताना गुरुजी म्हणाले, "हिरा?" आणि तू मागच्या बाकावरून म्हणालीस, "अर्धा कोयता हजर."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यानंतर तिला हिरा कुणी म्हणालं नाही. दिवाळीनंतर ती शाळेत यायची बंद झाली.

"पिक्चर बगताना तू रडत व्हतीस," तू मला म्हणालीस. "तुला वाटलं आसंल, मला तो गुणगुणणारा पोरगा आपला वाटला. न्हाई गं. मी तर समदा येळ दुसऱ्याकडंच बगत व्हते. तिची शाळा मी सोडवली, मंगल. ती सिरसाळ्यातच हाय, पिठाची गिरणी चालवती. मामाकडं जाताना मी दर बारीला दुसऱ्या गल्लीनं जाते. तीस वर्सं."

रिक्षा आली, आपण बसलो. उतरताना मी एवढंच म्हणाले, "रविवारी जाऊ. मी येते."

रविवारी आपण दोन बस बदलून सिरसाळ्याला गेलो. वाटेत तू तीनदा म्हणालीस, परत फिरू. गिरणीपुढे पाच-सहा बायका डबे घेऊन बसल्या होत्या. आत हिरा, पिठानं पांढरी झालेली, नाकातोंडाला फडकं, एक हात पीठ पडतं तिथं धरलेला. तिनं आपल्याला खुणेनंच सांगितलं, डबा रांगेत ठेवा.

"डबा न्हाई आणला," तू म्हणालीस. गिरणीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? तू पुढे सरकलीस, ओरडून म्हणालीस, "मी कांता! सातवीतली!" तिनं कानाला हात लावला. तू आणखी ओरडलीस, "मी तुला..." आणि नेमकं तेव्हाच तिनं बटण दाबून गिरणी बंद केली. "अर्धा कोयता म्हणायचे!" हे शब्द त्या शांततेत मोठ्यानं पडले. सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, शिवणाच्या तासाला पाहिला होता.

हिरानं फडकं खाली ओढलं. "व्हय," ती म्हणाली. "तूच ती. आवाज तसाच हाय."

तू हात जोडलेस. "माज्यामुळं तुजी शाळा सुटली. मला..."

"तुज्यामुळं?" हिरा म्हणाली. तिला हसू आलं, वाईट नाही, खरंच आलं. "माज्या मायच्या हाताला कोयता लागला. फडात तिच्या जागी मला जावं लागलं, म्हणून सुटली. तू सवताला लई मोठी समजतीस, बाई."

एक म्हातारी फसकन हसली. तूही हसायला गेलीस, पण हिराचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण ते हसणं येगळं," ती म्हणाली. "ते तुजंच. फडात बाया मला हिरा म्हणायच्या तवा मला वळून बगाय येळ लागायचा. ते मी इसरले न्हाई."

"मला माफ..."

"ते मला कळत न्हाई. तुला बोलायचं व्हतं, बोललीस. ह्या बाया खोळंबल्यात." तिनं फडकं वर केलं आणि बटण दाबलं. आपण पायरी उतरलो तेव्हा तिनं मागून ओरडून सांगितलं, "पुन्ना येशील तर दळण घिऊन ये. गिरणीत रिकाम्या हातानं येऊ न्हाई."

परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मला तुझी दया यायला हवी होती, कांता. मला हेवा वाटत होता. तुझं बोलून झालं होतं. मी तेलगावच्या अलीकडे म्हणाले, "मग माझं?"

"तुजं काय?"

"वेणी."

तू वळलीही नाहीस. "तुला काय वाटतं, मी इसरले?"

"मग मला माफ केलंस की नाही?"

"म्हाईत न्हाई."

"असं कसं माहीत नाही? नऊ वर्षं आपण..."

"नऊ वर्सं मी शाळंत आल्यावर पैल्यांदा तुजी खुर्ची बगते, आलीस का न्हाई म्हणून. आजारी आसलीस तर मला भाकर गोड लागत न्हाई. हे बी खरं हाय. आन् कुणी पाठीमागनं क्यासाला हात लावला तर आजून माज्या अंगावर काटा येतो, हे बी खरं हाय. ह्यातून तू काय ती बेरीज कर."

"मला हो की नाही एवढंच..."

"तू आजून वर्गाची मॉनिटरच हाईस," तू म्हणालीस. "लगीच उत्तर पायजे."

मला राग आला. खरंच आला. बीडला उतरून आपण वेगवेगळ्या गाड्यांनी घरी गेलो. सोमवारी तू माझ्या डब्यात ठेचा वाढलास आणि आपण त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. तेव्हा वाटलं, बोलू की कधीतरी. दोघीही रिटायर व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती.

तू मात्र सिरसाळ्याला जात राहिलीस. पिशवीत पाच किलो ज्वारी घेऊन, दोन बस बदलून. चौसाळ्यात तीन गिरण्या असताना. तुझे मालक मला म्हणाले, "बाई, तुमची मैतरीण येडी झाली का?" मी विचारलं, काय बोलता गं दोघी? तू म्हणालीस, "काई न्हाई. दळण व्हईस्तोर बसते." तिसऱ्या खेपेला तिनं तुझी शीतल काय शिकते ते विचारलं, हे सांगताना तू एवढी खूश होतीस की मला पुन्हा हेवा वाटला.

चौथी खेप झाली आणि पंधरा दिवसांत तू गेलीस. सकाळी डोकं दुखतंय म्हणालीस, दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हतीस. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. दवाखान्यात तुझा हात मी धरला होता, तो तुला कळला की नाही ते मला माहीत नाही.

हिराला मी फोन केला. ती दहाव्याला आली, मागे बायकांत बसली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला मी माफ केलं, आसं मी कदी म्हणले न्हाई. म्हणाय पायजे व्हतं का, बाई?" तुझं ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, शिक्का मारून द्यायचा असं कावून. मी म्हणाले, "ती येत होती ना तुमच्याकडं." हिरा म्हणाली, "यायची. शेवटच्या बारीला तर दळण झाल्यावर बी बसली व्हती." आणि डोळ्याला पदर लावून एसटीकडे गेली.

आता जे सांगायचं ते तुला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात शीतलनं मला घरी बोलावलं. लातूरहून ती परीक्षा बुडवून राहिली आहे, तू असतीस तर रागावली असतीस. ती तुझ्या ट्रंकेतले कागद लावत होती. त्यात आष्टीच्या शाळेचा वर्गाचा फोटो निघाला. तो तू जपून ठेवला होतास हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेत कडेला तू, पोरासारखे केस, कानांवर वेडेवाकडे. पुढच्या रांगेत मध्यभागी मी, दोन वेण्या, मोठमोठ्या रिबिनी.

"मावशी, ह्या तुमीच ना?" शीतल म्हणाली. "आई आन् तुमी एका वर्गात व्हता, हे तुमी कदी सांगितलंच न्हाई."

"हो."

"आई म्हणायची, लहानपणी उवा झालत्या म्हणून तिनं सवताच क्यास कापले. खरंय का?"

तू आयुष्यभर जे खोटं बोललीस ते मला वाचवायला बोललीस की स्वतःला, ते मी कधी विचारलं नाही. तेच मी पुढे चालवलं असतं तर शीतलनं चहा केला असता, तुझ्या आठवणी काढून आम्ही रडलो असतो, आणि ती मला मावशीच म्हणत राहिली असती. मी हो म्हणायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी कापले."

मग सगळं सांगितलं. ब्यॅ, कात्री, दोघींनी धरलेले हात. 'आईनं घातलीय' हेसुद्धा. माफी मागितली नाही, कारण ती माफी तिच्याकडे मागायची नव्हती. तिनं पूर्ण ऐकलं. तुझ्यासारखीच ऐकते ती, मध्ये एक शब्द नाही. फोटो हातात तसाच होता.

"आज तुमी जा, मावशी," ती म्हणाली.

मी चपला घालून निघाले. तुझे मालक ओट्यावर बसले होते, चहा घेऊन जा म्हणाले. मी नको म्हणाले.

मला भीती वाटेल असं वाटलं होतं, कांता. नाही वाटली. तुझ्या पोरीला तुझ्यासाठी राग आला, हे बघून मला बरं वाटलं. त्या वर्गात तुझ्या बाजूनं रागवायला एकही माणूस नव्हतं. आता एक आहे.

तिचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. आरती रोज शाळेत येते. तुझा तास आता मी घेते. हजेरी घेताना प्रत्येकीचं पूर्ण नाव घेते, वडिलांच्या नावासकट, आणि वर्गात कुणाचा आवाज आला तर खडू खाली ठेवून थांबते.

काल शाळा सुटल्यावर तुझ्या घरावरून आले. फाट्याला जायचा तोच सरळ रस्ता आहे, दुसऱ्या गल्लीनं जाणं मला बरं वाटलं नाही. शीतल अंगणात गोधड्या वाळत घालत होती. तिनं मला पाहिलं. हाक मारली नाही. पण पाठही फिरवली नाही, मी कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर बघत उभी राहिली.

मी थांबले नाही. आजही त्याच रस्त्यानं जाणार आहे.